सोळाव्या सोमवारचं मागणं

किस्से साठायला आमचा रामवाडीतला जिनाच पुरतो. वर माझा देव्हारा, खाली नणंदेचा दवाखाना. वन्सं मानसोपचाराच्या डॉक्टर. माझे उपास आणि त्यांचे पेशंट, दोन्ही वाढताहेत!

आपण मुलगा की मुलगी, या घालमेलीतल्या पोरांचं मन ‘बदलून देण्याचा’ उपचार आता डॉक्टरांना करता येत नाही. केला तर कारवाई. नियम चांगलाच. पण तो लोकांना समजावताना वन्संचा घसा बसतो!

*

निडी गावचे एक आजोबा नातवाला घेऊन आले. "मुलगी हाय म्हणतो. शॉक द्या."

"नाही देता येत, आजोबा."

आजोबांनी बंद पंख्याकडे पाहिलं. "लाईट येईस्तोवर थांबतो!"

*

हमरापूरच्या सुमनताईंचं सतरा वर्षांचं पोर. गणपतीचे डोळे रंगवण्यात पटाईत. दाखल्यावर मुलगी, पण "मला मुलगी म्हणू नका" एवढंच सांगायचं.

वन्संना प्रश्न पडला. खोदून विचारलं तर ‘बदलायला बघते’ म्हणतील, नाही विचारलं तर हयगय! तासभर त्या नुसतं पेनाचं टोपण काढत-लावत बसल्या.

बाहेर येऊन पोर आईला म्हणालं, "आये, डॉक्टरना कायतरी टेन्शन हाय गो. कोनाला तरी दाखवा त्यांना!"

*

सुमनताई वर आल्या. "वैनी, डॉक्टर काय करीत नाय. रोह्याचा बुवा तीन दिवस कोंडून, उपाशी ठेवून बरं करतो म्हनतो."

नियम डॉक्टरला, बुवाला कसला नियम!

म्हटलं, "सोळा सोमवार धरा. पण व्रतात पोराला दुसरीकडे न्यायचं नाही. दर सोमवारी इथेच, खाली वन्संकडे आणायचं."

वन्सं हादरल्या. "वहिनी, हाही उपचार धरला तर?"

"मग महादेवावर कारवाई करा!"

*

पहिल्या सोमवारी सुमनताईंनी हात जोडून मागितलं, "माजी पोरगी बरी होऊ दे." मग सोमवार सरत गेले. वन्संना प्रश्न सुचू लागले, पोर बोलू लागलं. "मला अजून पुरतं कळलं नाय. पन कोनी घाई करू नका," म्हणालं. हे ऐकताना सुमनताई शेजारीच होत्या.

उद्यापन माझ्याकडेच. सुमनताईंना बुवाचे फोन चालूच होते. पोर कोपऱ्यात, मांडी घालून, आईकडे टक लावून.

भटजी म्हणाले, "आता मागणं मनात म्हणा."

सुमनताई मोठ्यानेच बोलल्या, "भटजी, पयल्या सोमवारी मागितलेलं सोळाव्याला बदललं तर चालतं काय?"

भटजी पोथी चाळू लागले.

दारातून वन्सं ओरडल्या, "वहिनी, हे मी सुचवलेलं नाही हं! तुम्ही साक्षीदार!"