साप नव्हता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरींना नाही. देवापुढे हात जोडून उभी राहिले तेव्हाही नाही, तिथंही दुसरंच काहीतरी मागत राहिले. आज दुपारी घरात कुणी नाही, सगळे केळीच्या मळ्यात गेलेत, म्हणून ही वही काढली. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, वाकडं असेल. पण लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही, म्हणून जमेल असं वाटतं.

लोक माझ्याबद्दल म्हणतात, बाई गरीब आहे, कधी मान वर करून बोलत नाही. खरं आहे ते. लाजाळूच आहे मी. पण कमी बोलणाऱ्या बाईला एक सोय असते — तिनं काही लपवलं तर कुणाला शंका येत नाही. ही सोय मी किती वापरली, ते तुम्हाला पुढे कळेलच.

माझं माहेर देगलूरच्या पलीकडे, अर्धं गाव तेलुगू बोलणारं. सासर इकडे अर्धापूरजवळ. तिकडचं इकडे काही कळत नाही. मला एक भाऊ होता, दत्ता. सात वर्षांचा असताना गेला. सासरी सगळ्यांना ठाऊक होतं की त्याला ज्वारीच्या रानात साप चावला. ठाऊक होतं म्हणजे काय — मीच तसं सांगितलं होतं.

दत्ताचं सांगते. पण आधी सिस्टरांचं सांगू द्या. एकदम नाही येत मला.

नसरीन सिस्टर आमच्या उपकेंद्रावरच्या. मोठ्या मनाची बाई, जिभेला धार. एका वर्षी त्या नांदेडला शिकायला जाऊन आल्या, रक्तातून पिढ्यान्‌पिढ्या उतरणारे आजार कसे ओळखायचे ते. तेव्हापासून पोटुशी बाई दिसली की त्या वही उघडून तिचं घराणं काढायच्या. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. लग्न झालं की मधे रेघ, खाली लेकरं लटकलेली. मेलेल्यावर तिरकी रेघ. आणि ज्याला आजार, त्याचा चौकोन पेन्सिलीनं काळा भरायचा.

माझी थोरली, वर्षा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातव्या महिन्यात ओटीभरण केलं, नायगावहून तिची सासू आली, आळीतल्या बाया जमल्या, आणि नेमक्या त्याच दिवशी सिस्टर आल्या.

"मावशी, भिऊ नका, घराचा नकाशा न्हाई काढून राहिले, खानदानाचा हाय," म्हणत बसल्याच.

त्यांनी वर्षाच्या नवऱ्याचा चौकोन काढला तशी आळीतली एक म्हणाली, "बराबर हाय की, जावायाचं डोस्कं चौकोनीच हाय!" सगळ्या हसल्या. वर्षाची सासूही हसली. मीही हसले. मग सिस्टरांनी माझा गोल काढला आणि विचारलं, "मावशी, तुमाला भाऊ किती?"

"एक होता."

"कशानं गेला?"

विहीणबाई माझ्याकडेच बघत होत्या. मी म्हणाले, "साप चावला." सिस्टरांनी चौकोन काढला, त्यावर तिरकी रेघ मारली, आणि चौकोन कोरा सोडला.

तुम्ही म्हणाल, विहिणीसमोर कशी बोलणार बिचारी. मीही पुष्कळ दिवस स्वतःला हेच सांगत होते. पण तसं नाही.

वर्षाला मुलगा झाला, ओम. दीड महिन्याचा झाल्यावर सिस्टरांनी त्याच्या मांडीत लस टोचली. संध्याकाळपर्यंत मांडी अशी सुजली की लिंबाएवढी गाठ, वर निळीजांभळी. सिस्टर तीन दिवस रोज येऊन बघत होत्या. तिसऱ्या दिवशी वर्षा आत बाळाला पाजत होती, तर सिस्टर मला न्हाणीपाशी घेऊन गेल्या. आवाज बारीक करून म्हणाल्या, "मावशी, आता हितं कुणी न्हाई. तुमच्या माहेरी कुणाचं रक्त थांबत नव्हतं, असं होतं का? हा आजार बायांच्या अंगात गप बसून ऱ्हातो अन् पोरांत भायेर पडतो. लाज धरू नका. मी कुणाला न्हाई सांगत."

मग न सांगायला कारण काय उरलं होतं? विहीण नायगावला होती. बाईच बाईला विचारत होती, इतक्या मायेनं. मी म्हणाले, "न्हाई बाई. असं काही न्हाई."

सूज उतरली. सिस्टरांनी पुन्हा विचारलं नाही.

आता दत्ताचं.

त्याचा दुधाचा दात पडला. एवढंच झालं होतं. सगळ्या पोरांचे पडतात, कौलावर फेकतात. दत्ताचं रक्त थांबेचना. आईनं हळद दाबली, तुरटी लावली, कापूस जाळून त्याची राख भरली. तो तोंडात फडकं धरून बसायचा, आणि ते भिजलं की मी दुसरं द्यायची. तीन दिवस. शेवटी शेवटी त्याला हसू यायचं, का कोण जाणे — दात लाल, आणि हसायचा. त्याच्या आधीही त्याचे गुडघे सुजायचे, लोक वात म्हणायचे. आईचा एक भाऊ असाच लहानपणी गेला होता, हेही मी ऐकून होते.

मी तेव्हा चौथीत होते. शाळेत मैत्रिणीला सगळं सांगितलं. चार दिवसांत गावभर झालं — त्यांच्या घरचं रक्त पातळ हाय. आईनं माझं दप्तर मडक्यांच्या मागे टाकलं. म्हणाली, "तोंड आवरता येत न्हाई तर शाळा कशाला? उद्या सासरी कुणी इचारलं तर साप म्हणायचं. समजलं का?"

समजलं. इतकं नीट समजलं की नवऱ्यालाही साप सांगितला. दोन पोरी झाल्या, तेव्हा मनात म्हटलं, बरं झालं, पोरगा नाही. म्हणजे बघा — मला माहीत होतं. सिस्टरांनी शिकून आणलेलं मला न शिकताच माहीत होतं.

पण हेही अजून ते नाही, ज्यासाठी वही काढली.

ओम रांगायला लागला, तेव्हा वर्षा नायगावला सासरी होती. त्याच्या अंगावर डाग उठायला लागले. मांडीवर, बरगड्यांवर, दंडावर. काळेनिळे, बोटं उमटावीत तसे. सासूला वाटलं, वर्षा पोराला चिमटे काढते. वर्षानं शपथा घेतल्या. कोण ऐकतं? मग मला निरोप आला, या, बसून बोलू.

मी गेले. ओट्यावर सासू, सासरे, चुलत सासरे, शेजारची दोन माणसं. वर्षा दाराच्या चौकटीला टेकून उभी, पदर तोंडात धरून. सासूनं बाळाचा सदरा वर करून मला दाखवला.

"बघा विहीणबाई, तुमच्या लेकीचे गुण. राग आमच्यावर, अन् काढायचा लेकरावर! हेच शिकवलं व्हय माहेरी?"

मी ते डाग पाहिले. दत्ताच्या अंगावर असेच असायचे. मी त्यांवर एरंडाची पानं गरम करून लावायची. जागासुद्धा त्याच.

सगळे माझ्याकडे बघत होते. वर्षाही. तिची नजर — तिला वाटलं असेल, आई आली, आता आई बोलेल. आणि आई बोलली. आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत मी मान वर करून बोलले. म्हणाले, "वर्षे, असं करू नये गं. लेकरू हाय. हळू धरत जा."

हे ते.

मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. मी गप्पही राहिले नाही. माझी धाकटी दीपाली लग्नाची होती, लातूरचं स्थळ बोलत होतं, तेवढंच डोक्यात होतं. कारण म्हणून नाही सांगत. तेव्हा डोक्यात काय होतं ते सांगते.

वर्षा रडली नाही. तिनं पदर तोंडातून काढला आणि आत गेली. त्यानंतर वर्षभर तिला बाळाला न्हाऊ घालू दिलं नाही सासूनं. डाग काही थांबले नाहीत, ते सासूच्या हातूनही उठले असतील, पण नाव वर्षाचंच राहिलं. फोनवर ती मला विचारायची, "आई, माझ्या हातात काही दोष हाय का गं? मी तर त्याला फुलासारखं धरते." काय सांगायची मी? म्हणायची, जप.

ओम चालायला लागला आणि पडला. गुडघा फुगला. हाड बसवणाऱ्याकडे नेलं, त्यानं तेल लावून जोरात चोळला. गुडघा दुप्पट झाला. मग नांदेडच्या दवाखान्यात रक्त तपासलं, आणि तिथं नाव निघालं, हिमोफिलिया. रक्त गोठायला जे लागतं ते त्याच्या रक्तात फार कमी आहे. डॉक्टरांनी विचारलं, आईच्या बाजूला कुणी? सोबत आलेल्या सिस्टरांनी जुनी वही काढून दाखवली, कुणी नाही. डॉक्टर म्हणाले, कधी कधी एखाद्या घरात नव्यानंही सुरू होतो, पण आईची तपासणी करून घ्या. ती लांबच्या शहरात होणार होती. झाली नाही.

सिस्टर मात्र स्वतःलाच दोष देत राहिल्या. नव्या नर्सबाया आल्या की त्यांना सांगतात, "मांडी सुजली तवाच मी रक्त तपासायला धाडायला पायजे होतं. माज्याकडून चुकलं." एकदा आमच्या ओसरीवर बसूनच सांगत होत्या. मी चहा आणून ठेवला आणि आत गेले.

ओमचा गुडघा सरळ होत नाही. महिन्यात दोनतीनदा सुई घ्यावी लागते.

मग दीपालीला दिवस गेले, लातूरला. तेव्हा मात्र मी राहू शकले नाही. उपकेंद्रात गेले आणि सिस्टरांना म्हणाले, माझी चुलती वारली परवा, मरताना सांगून गेली — दत्ताला साप चावला नव्हता, रक्त थांबलं नाही म्हणून गेला. मी लहान होते, विसरून गेले होते, तिनं सांगितलं तेव्हा आठवलं. बघा, खरं सांगायला गेले तर तेही खोट्यात गुंडाळून. मेलेल्या बाईच्या तोंडी घालून.

सिस्टरांनी वही काढली. दत्ताचा चौकोन सापडला. पेन्सिल घेऊन त्यांनी तो सावकाश काळा भरला. मी बघत होते. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "लई मोठं काम केलं मावशी तुमी."

लातूरच्या डॉक्टरांना चिठ्ठी गेली. दीपालीची प्रसूती जपून केली, नाळेतलं रक्त लगेच तपासलं. मुलगा, कान्हा. त्यालाही तोच आजार निघाला. पण त्याला कुणी चोळलं नाही, टोचताना बारीक सुई आणि वर दाबून धरलेला कापूस, अंगावर डाग उठला तर दीपालीला कुणी काही म्हणालं नाही. सासूनंच मऊ गोधडी शिवली रांगायला.

मागच्या दिवाळीला दोघी बहिणी आल्या होत्या. अंगणात कान्हा पळत होता, दोन्ही गुडघे सरळ. मागून ओम, एक पाय ओढत, पण हसत. वर्षा माझ्याशेजारी बसून शेंगा सोलत होती. म्हणाली, "आई, तुला आठवलं म्हणून कान्हाचं तरी बरं झालं गं. नाहीतर दीपीलाबी माज्यासारखंच ऐकावं लागलं असतं."

असं म्हणून तिनं सोललेले दाणे माझ्या ओंजळीत घातले. मी खाल्ले.

मला आठवलं नव्हतं. मी कधी विसरलेच नव्हते. नायगावच्या ओट्यावर, तिच्या लेकराचा सदरा वर केला होता, तेव्हाही नाही.