वजीहाने न धुतलेला फोटो

आमच्या अस्करच्या छावणीत वजीहाबद्दल एक गोष्ट अगदी ठामपणे सांगितली जाते. तिने म्हणे रुदैनाला सैनिकांच्या हवाली केलं आणि बक्षीस म्हणून तिला जाफ्याला जाऊन समुद्र बघायचा परवाना मिळाला. सांगणाऱ्या बायका त्या समुद्राचं असं वर्णन करतात, की जणू वजीहाच्या ओल्या चपला यांनीच दारात वाळत घातल्या होत्या.

साफ खोटं. सैनिकांशी वजीहा एक शब्द बोललेली नाही, आणि हव्वाराच्या लष्करी नाक्यापलीकडे तिने गेल्या सहा वर्षांत पाऊल टाकलेलं नाही. तिचा समुद्र तिच्या स्टुडिओतल्या पडद्यावर आहे. निळं पाणी आणि त्यात दोन राजहंस, त्यातल्या एकाची मान ओल येऊन उडून गेलेली. "समुद्रात राजहंस असतात का गं?" असं मी एकदा विचारलं होतं. "तू पाहिलायस समुद्र?" ती म्हणाली. "मग गप्प बस."

मी तिची शेजारीण, उम्म जवाद, म्हणजे जवादची आई. मधे एकच भिंत, तीही एका विटेची. वजीहाचं खरं काय ते मला ठाऊक असण्याचं कारण एवढंच नाही, पण ते पुढे येईलच.

वजीहाचा बाप शिधापत्रिकांसाठी निर्वासितांचे फोटो काढायचा. त्याच्यामागे कॅमेरा तिच्याकडे आला. लग्न ठरलं होतं, पण नवरा मुलगा कुवेतला गेला आणि तिथेच विरघळला. मग तिने घराची पुढची खोली फक्त बायकांसाठी उघडली. डोक्यावरचं काढून, ओठ रंगवून, हवा तसा फोटो काढून घ्यावा. पुरुषाची सावली पडणार नाही. आणि तिचा एक नियम होता, की फोटोबरोबर फिल्मचा तुकडाही जिचा तिच्या हातात. "माझ्याकडे तुझं काही राहिलं नाही," असं म्हणून ती पाकीट द्यायची. एवढ्यावर अख्ख्या छावणीच्या बायका तिच्यावर विश्वास टाकायच्या. आठ जणींच्या आठ गुपितांवर मी डोळा ठेवून होते, एकही मला मिळालं नाही. त्याचा राग माझ्या मनात होता, खोटं कशाला बोलू?

गिऱ्हाईक दारात आलं की ती ओळखायची. ओळखपत्रवाली म्हणते, लवकर कर. साखरपुड्याची म्हणते, जरा गोरी कर. पण सैन्याविरुद्धच्या उठावाच्या दुसऱ्या वर्षी तिसऱ्या तऱ्हेचं गिऱ्हाईक आलं, आणि ते मात्र तिला ओळखता आलं नाही. इतिदाल नावाची कॉलेजातली पोर. म्हणाली, विद्यापीठाच्या कार्डासाठी हवाय, जरा वर बघतानाचा काढ. वजीहाने काढला, हनुवटीवरचा तीळसुद्धा ब्रशने पुसून दिला. नऊ दिवसांनी तोच फोटो बंदुका आणि घुमटांच्या चित्रात बसून आमच्या प्रत्येक भिंतीवर चिकटला. इतिदाल अंगावर स्फोटकं बांधून कुठल्याशा बस थांब्यावर स्वतःसकट चार जणांना घेऊन गेली होती. तिची आई भिंतीपुढे उभी राहून ओरडत होती, "हिचा तीळ कुठे गेला? ही माझी नाही!" त्या दिवसापासून वजीहा रस्त्याने खाली मान घालून चालायला लागली.

आता रुदैना. सव्वीस वर्षांची, सहा वर्षं संसार करून मूल नाही म्हणून परत पाठवलेली. भावाच्या घरी दोन खोल्यांत नऊ माणसं, दहावी ही. भावजय फायका पाणी भरायला आली की म्हणायची, "आमच्याकडे एक पाहुणी आहे, जायचं नाव घेत नाही." आम्ही हसायचो. मीसुद्धा एकदा म्हटलं होतं, की रुदैनाच्या हातून लावलेला पुदिनाही उगवत नाही. पुष्कळ हसल्या बायका. रुदैना मागेच उभी होती, कळशी घेऊन.

त्यातच तिचा धाकटा भाऊ गेला. संचारबंदी चार तास उठली म्हणून पाव आणायला निघाला, आणि ती उठलेली नाही असं ज्या सैनिकाला वाटलं त्याने छातीत गोळी घातली. तीन दिवस रुदैनाने त्याच्या हातातून काढलेला पाव कुणाला फेकू दिला नाही.

तेव्हापासून तिच्याकडे कामिलाबाई यायला लागल्या. कामिलाबाई मशिदीत बायकांना धर्मपाठ द्यायच्या. स्वच्छ, गोड बोलणाऱ्या, स्वतःचा मुलगा गमावलेल्या. त्यांना मी दुष्ट म्हणणार नाही. त्या एकट्याच होत्या ज्या रुदैनाला जवळ बसवून तिचे केस विंचरायच्या. आम्ही कुणी विंचरले होते का?

एका सोमवारी दोघी वजीहाच्या दारात आल्या.

"छातीपर्यंतचा हवा," कामिलाबाई म्हणाल्या. "मागे समुद्र-बिमुद्र नको. साधा पडदा. आणि नजर थोडी वर."

वजीहाने रुदैनाला पडद्यामागे नेलं, दिवा सरळ करायचा बहाणा करून. हे मला भिंतीतून ऐकू आलं. एक वीट असते ती.

"कशाला हवाय गं हा फोटो?"

"कामासाठी. जॉर्डनमध्ये."

"जॉर्डनवाले वर बघायला सांगत नाहीत."

रुदैना म्हणाली, "मावशी, माझ्या लग्नाचा फोटो तूच काढला होतास. तो सासरच्यांनी मला परत केला, भांड्यांबरोबर. आता असा काढ, की कुणी परत करणार नाही."

"कामिलाने सांगितलं हे तुला?"

"त्या म्हणतात, तिथे मला कुणी वांझ म्हणणार नाही. सगळी छावणी माझी लेकरं."

"सगळी छावणी? त्यात ती उम्म जवादही आली. तिची आई व्हायचंय तुला?"

रुदैना हसली. खरंच हसली, मी ऐकलं. पण मग म्हणाली, "काढ, मावशी."

वजीहाने काढला. दिवा चमकला, कॅमेऱ्याचा आवाज झाला. आत फिल्म नव्हती.

गुरुवारी दोघी आल्या तर वजीहा कपाळाला हात लावून बसली. "औषध खराब निघालं. वीज नाही, पाणी गरम, कशाला दोष देऊ?" दुसऱ्यांदा काढला. पुढच्या मंगळवारी त्या परत आल्या, तर तो धुताना म्हणे अंधारखोलीचं दार उघडं राहिलं. कामिलाबाईंनी ओठ आवळले.

"असं कर मग," त्या म्हणाल्या, "हिच्या लग्नातल्या फोटोतून चेहरा कापून घेऊ."

"घ्या की. उघड्या डोक्याने, गळ्यात हार, गालाला लाली. लावा भिंतीवर, पोरं शिट्ट्या मारतील."

"मग मी बाजारातल्या फोटोवाल्याकडे नेते."

"न्या. परक्या पुरुषापुढे बसू नये असं धर्मपाठात सांगता, ते तिथे दारात सांगा, आणि मग हिला त्याच्या दिव्यात बसवा."

शिकवण कामिलाबाईंचीच होती, करणार काय? पण त्यांच्या मागे जी लढणारी संघटना होती, ती फोटोशिवाय कुणाला पाठवत नव्हती. मागे चेहरा राहिला नाही तर गेल्याचा उपयोग काय, असा त्यांचा हिशेब. एका फोटोवर आठ दिवस गेले. जाता जाता कामिलाबाई शांतपणे म्हणाल्या, "शनिवारी माझा पुतण्या रामल्लाहून नवा कॅमेरा आणतोय, तो मीच वापरेन. तुझे कष्ट वाचले."

वजीहाने आधी रुदैनाच्या थोरल्या भावाला गाठलं. तो म्हणाला, "मावशी, मी तिला खोलीत कोंडू? कुठल्या खोलीत?" आणि रडायला लागला. फायका म्हणाली, ती तर हल्ली छान वागते, मुलांना गोष्टी सांगते, तुम्हालाच काय ते दिसतं. मग वजीहा थेट रुदैनाकडे गेली. रुदैनाने तिचे हात हातात घेतले आणि दोन्ही गालांवर मुके घेतले. वजीहा मला पुढे म्हणाली, नववधू माहेरचा निरोप घेते तसे ते मुके होते.

शुक्रवारी दुपारी ती माझ्या दारात आली. तेवीस वर्षांच्या शेजारात पहिल्यांदा ती आपण होऊन माझ्याकडे बसली. मी तर भांडणाच्याच तयारीत होते.

"उम्म जवाद, तुझ्यासारखी जीभ छावणीत दुसरी नाही."

"आलीस शिव्या द्यायला?"

"मागायला आलेय. उद्या सकाळच्या आत सगळ्यांना कळलं पाहिजे. रुदैना कशासाठी जातेय ते. तिचं काम गुप्त राहिलं तरच होतं. ज्याची चर्चा नळावर झाली त्या कामाला कुणी हात लावत नाही."

मी आधी दार लोटून घेतलं.

"अगं, पण," मी म्हटलं, "हे नाक्यावरच्या सैनिकांपर्यंत गेलं तर?"

ती माझ्या गालिच्याचा एक धागा ओढत राहिली, ओढत राहिली. शेवटी म्हणाली, "तुरुंगात माणसं जिवंत असतात, उम्म जवाद."

मी निघाले. आधी बेकरीच्या रांगेत, मग नळावर, मग उम्म फैसलच्या सुनेकडे, जी ऐकलेलं पोटात ठेवलं तर आजारी पडते. कधी नव्हे ते मी काही न वाढवता सांगितलं. गंमत अशी, की त्या दिवशी कुणी माझ्यावर पटकन विश्वास ठेवेना. एक म्हणाली, "पुदिना न उगवणारी रुदैना?" मला तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली, आणि मग आठवलं ते वाक्य कुणाचं होतं.

संध्याकाळपर्यंत रुदैनाच्या दारात चाळीस बायका. कुणी रडतेय, कुणी तिला मिठी मारतेय, कुणी तिच्या पायाशी बसलीय. सासरहून परत आल्यापासून तिच्याकडे कुणी इतकं आलं नव्हतं. ती मधोमध उभी होती, पांढरी, आणि एकेकीकडे बघत होती, जणू आम्ही तिच्या हातातून काही हिसकावून घेतलं होतं. कामिलाबाई आल्या नाहीत. त्या पुढे कधीच तिच्या घरी आल्या नाहीत.

रविवारी पहाटे जीपगाड्या आल्या. रुदैनाला डोळे बांधून नेलं. भावालाही नेलं, तो दोन महिन्यांनी सुटला, एका कानाने ऐकू येत नाही आता त्याला. रुदैनाला सात वर्षांची शिक्षा झाली. तिने केलेलं काहीच नव्हतं, नुसतं करणार होती, त्याची सात.

छावणीला दोष द्यायला कुणीतरी हवं होतं. माझं नाव कुणी घेतलं नाही. बडबड करणारी बाई फितूर असेल असं कुणाला वाटत नाही. पण फोटो दोनदा बिघडवणारी? वजीहाच्या काचेवर दगड पडला. दारावर काळ्या रंगाने एक शब्द लिहिला गेला, तो मी इथे लिहिणार नाही. साखरपुड्याच्या मुली आता बाजारातल्या फोटोवाल्याकडे जातात, आईला बरोबर घेऊन. मी एकदा म्हटलं, "मी सांगते सगळ्यांना, मीच बोलले म्हणून." वजीहा म्हणाली, "एवढे दिवस गप्प बसलीस ना? बस तशीच." आणि मी बसले. भिंतीतून तिच्या कॅमेऱ्याचा आवाज येत नाही. नुसती रेडिओची कुजबुज, आणि दुपारी भात भरण्यासाठी कोसे, म्हणजे छोटे कोवळे भोपळे, कोरायच्या सुरीची खरखर.

परवा, ईद झाल्यावर, फायका तुरुंगाच्या भेटीवरून परतली. रेड क्रॉसची बस, तीन नाके, काचेआडून पाऊण तास. आली ती सरळ वजीहाच्या दारात. वजीहा उंबऱ्यावर कोसे कोरत होती, मी समोर बसले होते.

फायका गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रुदैनाचा निरोप आणलाय तुला. म्हणाली, वजीहाचे हात झडोत. तिची नजर जावो. माझा मान तिने चिखलात घातला. दर भेटीला नवी शिवी देते ती तुला. ऐकतेयस ना? एवढं करून काय मिळवलंस तू?"

वजीहाने सुरी खाली ठेवली.

"शिव्या देतेय म्हणजे श्वास घेतेय. मला तेवढंच हवं होतं. पुढच्या खेपेला विचार तिला, लोकरीचे मोजे आत घेतात का."