प्रसादात काय घातलंय, हे विचारणाऱ्या बाई

वत्सलाबाईंची पहिली भेट माझ्या लक्षात राहिली ती मला आलेल्या रागामुळे. आम्ही पनवेलजवळ विचुंब्याला नव्या घरात राहायला आलो आणि सत्यनारायण घातला. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका म्हणून कुणीतरी बाईंची ओळख करून दिली. मी वाकून नमस्कार केला, प्रसादाचा द्रोण पुढे केला. बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि विचारलं, "यात काय काय घातलंय हो?"

माझी कानशिलं तापली. सत्यनारायणाच्या प्रसादात काय असतं हे शाळेत शिकवणाऱ्या बाईंना मी सांगायचं?

"काजू आहेत?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"आहेत की, चांगले भरपूर घातलेत," मी ठसक्यात म्हणाले. काटकसरी म्हणून माझी ख्याती असल्याने हे सांगणं भागच होतं.

"मग हा मीच खाते. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या मुलीला देणार होते, पण तिला काजू चालत नाहीत."

प्रसाद चालत नाही म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नाही. आज पूर्ण कळलंय असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

बाईंच्या अमृतमहोत्सवी अंकासाठी समितीने माझ्याकडे लेख मागितला तेव्हाही मी गोंधळले. मी मॅट्रिक झालेली गृहिणी. भजनी मंडळाची जमाखर्चाची वही लिहिते, एवढाच लेखनाचा सराव. बाईंचे विद्यार्थी मोठमोठ्या पदांवर आहेत, ते त्यांच्या अध्यापनाविषयी लिहितीलच. मला लिहायचं आहे ते एका वाटीविषयी.

त्याआधी बाईंनीच सांगितलेली एक गोष्ट. शाळेत मधल्या सुट्टीत डबा वाटून खावा, हे वळण त्यांनी मुलांना लावलं होतं. एकदा एका मुलीच्या डब्यात सुका जवळा होता, करंजा गावच्या आत्याने पाठवलेला. शेजारच्या मैत्रिणीने तो आवडीने खाल्ला आणि बघता बघता तिचे डोळे सुजून बंद झाले. मुलगी वाचली. पण बाई अजून म्हणतात, "सुमन, पोरीने माझंच ऐकलं गं. वाटून खा म्हणाले, विचारून खा म्हणायचं राहिलं." दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या वर्गात डबा पुढे करणाऱ्याने आत काय काय आहे ते मोठ्याने सांगायचं, असा नियम झाला. मुलांना तो खेळच वाटे.

आता वाटीविषयी.

माझी नात गार्गी तेव्हा पाच वर्षांची होती. चिक्की खाऊन तिच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, म्हणून डॉक्टरांनी शेंगदाणे बंद केले होते. माझी सून अश्विनी रोज बजावायची, "आई, दाणे अजिबात नाही हं." मी हो म्हणायचे. पण आमच्याकडे उपासाचं म्हटलं की दाणेच. खिचडीत कूट, वऱ्याच्या तांदळाबरोबर दाण्याची आमटी, लाडूही दाण्याचे. संकष्टीला गार्गीने खिचडीचा हट्ट धरला. मी चष्मा लावून तिच्या बशीतला दाणा न् दाणा वेचून काढला. वेचलेले टाकवेनात, चटणीला होतील म्हणून वाटीत ठेवले. कूट होतं खिचडीत, पण ते साबुदाण्यात मुरलेलं. तो कुठे आता दाणा, असं माझ्या मनाने घेतलं.

चार घास झाले आणि पोर ओठ चोळू लागली. ओठ सुजले, आवाज बसला, खोकला थांबेना. मला वाटलं दृष्ट लागली. मी मीठ-मोहऱ्या ओवाळत होते, तेवढ्यात खोकला ऐकून बाई जिना चढून आल्या.

"काय खाल्लं हिने?"

"उपासाचं. संकष्टी ना आज."

"उपासाचं म्हणजे काय, सुमन?"

"खिचडी. पण दाणे नाहीत हो त्यात, देवाशपथ."

मी खोटं बोलत नव्हते. बाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर ती वाटी होती, दाण्यांना साबुदाणा चिकटलेला. त्यांनी वाटी उचलली. सत्तरी उलटलेल्या बाईंनी गार्गीला कडेवर घेऊन रिक्षा गाठली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी पुन्हा "दाणे नाहीत" म्हणणार, तोच बाईंनी वाटी टेबलावर ठेवली. "हे वेचून काढले, पण कूट आत राहिलं." मांडीत इंजेक्शन दिलं गेलं. मी नामस्मरण करत होते, ते मधेच कुठे चुकलं तेही कळलं नाही. हळूहळू पोरीचा श्वास सुरळीत झाला.

दुसऱ्या दिवसापासून कामावर जाताना अश्विनी गार्गीचा डबा बाईंकडे ठेवू लागली. माझी नात मी घरात असताना खालच्या मजल्यावर जेवायची. एकदा मी साधं केळं सोलून दिलं, तर म्हणाली, "आजी, आईला विचारू?"

मी देवासमोर बसले. गणपतीचा दिवस, उपासाचं अन्न, माझी माया. यात वाईट काय होतं? शेवटी बाईंनाच विचारलं, "बाई, देवाच्या दिवशी असं कसं झालं?"

"देवाचं मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "तू मिक्सरचं भांडं मात्र बदल."

मग महिनाभर बाई रोज सकाळी गुडघे धरत वर यायच्या. गार्गीसाठी वेगळी कढई, वेगळा झारा, प्रत्येक डब्यावर आत काय आहे त्याची चिठ्ठी. शेंगदाण्याचं तेलही घरातून गेलं. सगळ्यात अवघड होतं ते पुढचं. गार्गीने विचारायचं, "आजी, यात काय आहे?" आणि मी सांगायचं. माझी कानशिलं पुन्हा तापायची. बाई म्हणायच्या, "कपाळाला आठ्या नकोत. उद्या हीच पोर हॉटेलात विचारणार आहे. तिला सराव नको?"

हॉटेलात कसं विचारायचं हे दाखवायला बाईंनी आम्हा दोघींना पनवेलला स्टँडजवळ मिसळ खायला नेलं. मालक गल्ल्यावरूनच म्हणाला, "मिसलीत दाना नाय टाकत आमी, बाय."

"आणि फरसाणात?"

तो गल्ल्यावरून उठला. "ता पाकिटातला हाय. वाचला नाय कवा." पाकीट आणलं. बाईंनी गार्गीला वाचायला लावलं. पोरीने अडखळत 'शेंगदाणे' वाचलं, तसा मालक ओशाळला. "तुमी मास्तरीन काय वो?"

"होते," बाई म्हणाल्या.

"होते कुठं, हाव अजून!"

आता त्या हॉटेलच्या भिंतीवर पाटी आहे, 'काही चालत नसेल तर आधी सांगा.' बाई दिसल्या की मालक आत ओरडतो, "पाकिटां काढा रे, परीक्षा आली!"

गेल्या संकष्टीला अश्विनी चपला घालता घालता म्हणाली, "आई, मला आज उशीर होईल. गार्गीला तुम्हीच वाढा." चार वर्षांनी. मी पदर खोचला. खिचडी तुपात केली, कुटाऐवजी ओलं खोबरं. गार्गीने विचारलं, मी एकेक नाव सांगितलं, अगदी मिठापर्यंत. तिने घास घेतला. "बरी झालीय, पण खिचडीसारखी नाही लागत." मला हसू आलं आणि डोळे पुसावे लागले. कूट नसलेला नैवेद्य देवाला आवडतो की नाही, हा माझा गोंधळ अजून आहेच. बशी मात्र रिकामी झाली.

बाईंच्या सोहळ्याचा प्रसाद करण्याचं काम समितीने मला दिलं आहे. चिठ्ठी लावीनच. पण बाई, तुम्ही ती वाचू नका. परमेश्वराने तुमचे गुडघे आमचा जिना चढण्याजोगे ठेवावेत, दात शाबूत ठेवावेत. शंभरी पार केल्यावरही मी द्रोण पुढे केला, की तुम्ही तो कपाळाला लावून विचारावं, "यात काय काय घातलंय हो?"

मी पहिल्या जिनसापासून सगळं सांगेन.