पतीचे नाव सांगण्यास नकार

माझ्या वकिलीतला पहिला मोठा खटला मी सरकारविरुद्ध लढलो आणि जिंकलो, असं मी बरीच वर्षं सांगत असे. लग्नाच्या मांडवात सांगितलं, सप्त्याच्या पंगतीत सांगितलं, एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेली असताना सांगितलं. खटला काकूच्या नागरिकत्वाचा. तिचा अर्ज सात वर्षं कचेरीत धूळ खात पडला होता आणि मी तो हलवला. एवढं सांगून मी थांबायचो, कारण पुढचं सांगितलं की लोक हसतात. आता केस पांढरे झालेत. हसायचं तर हसा.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची बायको. जन्म कराचीचा. तिच्या आजोबांनी आमच्या भागातली मेंढरं विकून कराचीच्या बंदरात हमाली धरली. फाळणी झाली तरी ते घर तिथंच राहिलं, पण सोयरिकी मात्र गावाकडंच करायचे. अशी ती जाफराबादजवळच्या आमच्या गावात सून म्हणून आली. पासपोर्ट पाकिस्तानचा आणि बोलणं माझ्या आईपेक्षा गावठी. दरवर्षी ठाण्यात जाऊन राहायची मुदत वाढवून घ्यायची आणि जिल्ह्याबाहेर जायचं तर आधी लेखी परवानगी काढायची, एवढाच काय तो तिचा परदेश.

मग एक्याऐंशी साली जालना जिल्हा झाला. गावोगाव पेढे वाटले, आम्हीही खाल्ले. काकूच्या परवान्यावर मात्र ‘जिल्हा औरंगाबाद’ असं होतं. म्हणजे ती चुलीपुढून हललीसुद्धा नव्हती आणि एका दिवसात परक्या जिल्ह्यात बेकायदा राहायला लागली. काका दोन महिने चकरा मारून परवाना बदलून आला. त्याच सुमारास त्यानं तिच्या नागरिकत्वाचा अर्ज केला, कारण नुकतंच त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न झालं होतं आणि तिचं सासर नदीपलीकडं होतं.

नदीपलीकडं बुलढाणा जिल्हा लागतो. लेकीचं गाव सायकलवर पाऊण तासाचं. आमच्या खळ्यावरून तिथल्या टेकडीवरच्या देवळाचं निशाण दिसायचं. काकूला तिथं जायचं तर अर्ज, शिक्का, सही, आणि परवानगी हातात पडायला कधी तीन आठवडे, कधी दीड महिना. एकदा लेकीला टायफॉइड झाला. काकू रोज खळ्यावर जाऊन उभी राहायची. “माझी लेक तिथं तापानं फणफणून राह्यली अन् मी इथं कागदाची वाट पाहून राह्यले,” म्हणायची. परवानगी आली तेव्हा लेक बरी होऊन कापूस वेचायला लागली होती. काकूनं तो कागद घडी घालून ट्रंकेत ठेवला आणि आठवडाभर कुणाशी धड बोलली नाही.

तर अर्जाची चौकशी करायला ठाण्यातून जमादार आले. मी तेव्हा वकिलीच्या शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि सुट्टीत गावी आलो होतो. वकिलीचं दुसरं वर्ष फार वाईट. पहिल्या वर्षी माणसाला काही येत नाही हे त्याला माहीत असतं.

जमादार बाजेवर बसले. काकू दाराआड उभी. स्वतःचं नाव सांगितलं, वडलांचं सांगितलं, कराचीतल्या गल्लीचं सांगितलं. मग जमादारांनी विचारलं, “मालकाचं नाव?”

काकूनं पदर ओढला आणि खाली बघितलं. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. त्यानं त्याचं आयुष्य कमी होतं. सणासमारंभाला उखाण्यातून घेतलं तर चालतं, पण ते देवाला आणि बायकांना ऐकवायला, जमादाराला नाही. हे जमादारांनाही ठाऊक होतं. अशा वेळी घरातलं कुणीतरी नाव सांगून टाकतं, जमादार लिहून घेतात, चहा पितात आणि जातात. त्या दिवशी आई शेतात, काका बाजाराला. सांगणारा मी एकटाच. जमादारांनी माझ्याकडं पाहिलं.

दोन शब्द बोलायचे होते. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, “घटनेप्रमाणे त्यांच्यावर उत्तराची सक्ती करता येत नाही. त्या उत्तर देणार नाहीत.”

“असं का?” जमादार म्हणाले. “कोण आपण?”

“कायद्याचा अभ्यास आहे माझा.”

त्यांनी वहीत दोन-तीन ओळी लिहिल्या आणि चहा न घेता गेले. चहा तसाच राहिला तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी मात्र संध्याकाळी पारावर, पोलिसाला कसा गप्प केला, ते सांगत बसलो.

पुढं वर्षांमागून वर्षं गेली. काका कचेरीत चकरा मारायचा, “चौकशी चालू आहे” हे ऐकून परत यायचा. मी वकील झालो, जालन्यात टेबल टाकलं. कोट एका निवृत्त वकिलाकडून घेतलेला, बाह्या बोटांपर्यंत यायच्या. पक्षकार फारसे नव्हते. अशात एका दिवाळीला काकू म्हणाली, “एवढा वकील झाला तू, मह्या कागदाचं काही बघतो का न्हाई?” नातीचं जावळ लेकीच्या सासरी होतं, आणि परवानगी जावळानंतर चार दिवसांनी आली होती.

मला चेव चढला. औरंगाबादला एका ज्येष्ठ वकिलांकडं मी मधूनमधून फायली उचलायला जात असे. त्यांच्या हाताखाली मी रिट अर्ज तयार केला. बावन्न पानं. त्यात मूलभूत हक्क होते, लॅटिन होतं, परदेशातले निकाल होते. सरकारच्या दिरंगाईला मी ‘अमानुष’ म्हटलं होतं, तेही चार वेळा. सरांनी दोनदा खोडलं. एवढ्या बावन्न पानांत, अर्ज नेमका कशामुळं अडला, हे शोधायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

तारखेला सरकारी वकील उठले. त्यांच्या हातात मूळ फाइल होती. त्यांनी शांतपणे वाचून दाखवलं: “अर्जदाराने पतीचे नाव सांगण्यास नकार दिला. घरातील कायद्याच्या जाणकार इसमाने तसा सल्ला दिला. विवाहाबाबत संशयास वाव. अधिक चौकशी व्हावी.” त्याखाली दर वर्षी एकेका टेबलानं ‘अधिक चौकशी व्हावी’ एवढंच लिहून फाइल पुढं सरकवली होती. चौकशी कुणीच केली नव्हती. दिरंगाई खरीच होती. पण तिची पहिली ओळ माझी होती.

सर माझ्या कानाशी वाकले. “हा जाणकार गाढव कोण?”

“शोध घेतो, सर,” मी म्हणालो.

न्यायाधीशांनी बावन्न पानांपैकी किती वाचली माहीत नाही. आदेश चार ओळींचा झाला: अर्जदाराचा जबाब तिच्या स्वतःच्या शब्दांत घ्यावा आणि दोन महिन्यांत निर्णय द्यावा. यालाच मी ‘खटला जिंकला’ म्हणत आलो.

जबाबाच्या दिवशी काका, काकू आणि मी कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. आत गेल्यावर काय विचारणार हे काकूला सांगणं भाग होतं, आणि ते सांगायचं तर फाइलमधली ओळही सांगावी लागणार होती. मी सगळं सांगितलं. जाणकार इसमही सांगितला.

ती माझ्याकडं वळली. “म्हंजी तवा तू नुसतं नाव सांगून टाकलं असतं तं?”

“हो.”

“सात वरसं?”

मी मान खाली घातली. काकूनं मला लहानपणी कडेवर घेऊन फिरवलं होतं. तिनं तिथंच थोबाडीत मारली असती तर फार बरं वाटलं असतं. काकाच म्हणाला, “जाऊ दे. पोरगं शिकत होतं.”

काकाला बाहेरच बसवलं. आत साहेबांनी विचारलं, “बाई, तुमच्या मालकांचं नाव तुमच्या तोंडून सांगा. दुसऱ्या कुणी बोलायचं नाही.” शेवटचं वाक्य माझ्याकडं बघून. काकूनं डोक्यावरचा पदर नीट केला, उठून उभी राहिली, भिंतीकडं तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाली:

“नदीच्या अल्याड शेत, पल्याड माझी लेक,
…रावांचं नाव घेते, कागद द्या हो एक.”

नाव मी इथं गाळलंय. ते घेणारी तीच. मी योग्य वेळी घेतलं नाही, आता घेऊन काय उपयोग?

कारकुनानं लेखणी वर धरून साहेबांकडं पाहिलं. साहेब म्हणाले, “बोलल्या तसं लिहा.” सरकारी फाइलीत तो उखाणा आजही असेल, खाली तिचा अंगठा आणि शिक्का.

बाहेर येताच ती तडक काकापुढं गेली. “बरं वाटून राह्यलं ना तुमाला? छातीत काही न्हाई ना?”

“मला काय धाड भरली?” काका म्हणाला. पण त्याचे डोळे भरले होते. दार उघडंच होतं, त्यानं सगळं ऐकलं होतं.

पावणेदोन महिन्यांत प्रमाणपत्र आलं. दुसऱ्याच दिवशी काकू लेकीकडं निघाली. बरोबर मी, कारण मला जायचंच होतं. जीपमध्ये तिच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी होती. तिच्यात नातीसाठी कुंची, शेव, आणि ते प्रमाणपत्र. पुलावर तिनं विचारलं, “हद्द गेली का?” ड्रायव्हर म्हणाला, “कवाच गेली.” ती मागं वळून बघत राहिली.

लेकीच्या दारात बायका जमल्या होत्या. विहीणबाई हौशी. त्यांनी दोन्ही हात पसरून उंबरठा अडवला आणि हसत म्हणाल्या, “असं कसं आत येता? असं आत येता येत न्हाई!”

काकूचा चेहरा उतरला. तिनं पिशवीत हात घातला, कुंची बाजूला सारली आणि घडी घातलेलं प्रमाणपत्र काढून दोन्ही हातांनी विहीणबाईंपुढं धरलं.

कुणी हसलं नाही. विहीणबाईंचे हात खाली आले. “अवो, नाव घ्या म्हणते मी,” त्या हळूच म्हणाल्या. “कागद कशाला काढता?”

मी जोड्यांजवळ उभा होतो. त्या सात वर्षांत तिचं काय झालं, ते मला तिथं पहिल्यांदा दिसलं.

काकूनं कागद घडी घालून माझ्या हातात दिला. मग पदर नीट करून तिनं तोच उखाणा घेतला, शेवटचे शब्द बदलून, आणि लेकीच्या घरात गेली.