नडलं कुठे?

कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून, एक लांब टेबल होतं. खाली मशीनवर शर्ट शिवून झाले की गठ्ठ्यांनी या टेबलावर यायचे आणि पाच बायका हाताने त्यांची काजं करायच्या, बटणं लावायच्या. मशीननेही काजं होतात, पण या कारखान्याचं गिऱ्हाईक नखरेल. त्याला काज हाताचंच लागे. खिडकीकडच्या खुर्चीवर, जिथे उजेड सगळ्यात चांगला, तिथे गोष्टीवाली बसायची.

गोष्टीवाली हे तिचं टेबलावरचं नाव. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कानावर पडे आणि तेव्हा तीच दचकायची. दिवसभर मान मोडून सुई मारायची, त्यात जीव रमावा म्हणून ती गोष्टी सांगे आणि सांगता सांगता हेच नाव तिला चिकटलं. घरी ती कोणाची बायको, कोणाची वहिनी, कोणाची आई होती, आणि या तिन्ही नात्यांत तिला फक्त कामं सांगितली जात. टेबलावर मात्र ती बोलायची आणि चार माणसं ऐकायची. या एका नावावर ती बाई जगत होती म्हटलं तरी चालेल.

तिच्या गोष्टींची एक रीत पडून गेली होती. फार पूर्वी तिने एक गोष्ट सुरू केली होती, एका जोडप्याची. दोघं गुणी, घर छान, मुलं हुशार, बाग फुललेली. टेबलावरची बुटकी बाई बराच वेळ ऐकत राहिली आणि शेवटी वैतागून म्हणाली, "सगळं बरंच चाललंय की गं! मग नडलं कुठे?" सगळ्या फिदीफिदी हसल्या, पण तो शब्द टेबलाचा होऊन बसला. तेव्हापासून कोणीही काहीही सांगायला लागलं, अगदी दूध उतू गेल्याचं जरी, तरी पहिला प्रश्न ठरलेला, "नडलं कुठे?" गोष्टीवालीने त्यातून एक धडा घेतला. गोष्टीत नडलं पाहिजे, आणि नडायला माणूस पाहिजे. मग तिच्या गोष्टींत शेजारीण नडायची, भागीदार नडायचा, सावत्र भाऊ तर हमखास नडायचा. शेवटी वाईट माणसाचं नाक कापलं जायचं आणि बायका समाधानाने दोरा तोडायच्या. तिची गोष्ट ऐकताना सुया भराभर पळत, याचा तिला अभिमान होता.

मग टेबलावरची एक जण काम सोडून गेली आणि तिच्या जागी गोष्टीवालीने आपल्या धाकट्या जावेला चिकटवून दिलं. स्वतः शब्द टाकला, स्वतः स्वयंपाकघरात बसवून काज शिकवलं. धाकटीचा हात इतका तिच्यासारखा वळला की दोघींची काजं शेजारी ठेवली तर कोणाचं कोणतं ते कारखान्याच्या कटिंग मास्तरांनाही सांगता येत नसे. फरक एकच. थोरली काजाच्या शेवटी दोऱ्याला तीन गाठी मारी, धाकटी दोन. हे त्या दोघींनाच माहीत होतं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच, पण धोंडा पडेपर्यंत कोणाला कळतं!

पहिले काही महिने धाकटी नुसती ऐकायची. मग एकदा थोरलीचा घसा बसला आणि टेबल गप्प झालं. तेव्हा धाकटी दबक्या आवाजात म्हणाली, "मी सांगू का एक? तुमच्याइतकी चांगली नाही जमायची."

थोरलीने उदारपणे मान हलवली. तो उदारपणा तिला महागात पडला.

धाकटीने एका माणसाची गोष्ट सांगितली. बायको अडलेली, सुईण ओढ्यापलीकडे आणि ओढ्याला पूर आलेला. बस, एवढंच. शत्रू नाही, भांडण नाही. थोरली मनात म्हणाली, यात ऐकायचं काय? पण समोर पाहते तर चष्मेवालीची सुई कापडात अर्धी घुसून तशीच राहिलेली. बुटकी तोंड उघडं टाकून बसलेली. मावशी, म्हणजे टेबलावरची सगळ्यात वयस्कर बाई, जी कोणत्याही गोष्टीत डुलकी काढायची, ती चक्क जागी होती.

पुढच्या गोष्टीत धाकटीने अख्खी वस्ती एका बाईच्या विरोधात उभी केली. कोणी तिला मारलं नाही की शिवी दिली नाही, फक्त तिच्याशी बोलणं टाकलं. आणि त्यानंतरच्या गोष्टीत तर दुसरं माणूसच नव्हतं. एक जण बापाची माफी मागायला निघतो आणि दारापर्यंत जाऊन परत फिरतो, पुन्हा जातो, पुन्हा फिरतो.

"अगं, पण याला नडतंय कोण?" थोरलीने मधेच टोकलं. तिचा घसा एव्हाना ठणठणीत बरा झाला होता, पण कोणी विचारलं नव्हतं.

"त्याचं तोच की हो, ताई," धाकटी म्हणाली. "बाहेरचं कोणी नडलं तर माणूस भांडून मोकळा होतो. आतलंच नडलं तर कोणाशी भांडणार?"

"वा!" मावशी म्हणाली. मावशीने थोरलीला आजवर एकदाही वा म्हटलं नव्हतं.

मत्सर ही अशी गोष्ट आहे की तिला खायला फार लागत नाही, एक वा पुरतो. थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते घरीही थांबेना. धाकटीने चहा केला तर तो गोड व्हायचा, भाजी केली तर तिखट, गप्प बसली तर शिष्ट आणि बोलली तर आगाऊ. नवऱ्याने एकदा सहज विचारलं, "तुमचं दोघींचं काही बिनसलंय का?" तर त्याच्या अंगावर खेकसून ती म्हणाली, "माझं कोणाशी बिनसायला मी आहे कोण?" बिचारा पाणी पिऊन निमूट झोपला.

आणि मग तो दिवस आला. खालून कोणीतरी गठ्ठा वर आणत होतं, तेव्हा बुटकी जिन्याकडे तोंड करून ओरडली, "हळू आण रे बाबा! गोष्टीवालीचं ऐन रंगात आलंय!"

थोरलीने सवयीने मान वर केली. मग तिच्या ध्यानात आलं की बोलत तर धाकटी होती. बुटकीलाही ते कळलं, तिने जीभ चावली, पण शब्द टेबलावर पडून गेला होता. नाव गेलं. इतकं सहज की कोणी ते हिसकावलंसुद्धा नाही.

त्या दिवशी धाकटी समुद्राची गोष्ट सांगत होती. खडकावर एक मोठा दिवा, आणि तो लावायचं काम एका बाईकडे. तिची सख्खी धाकटी बहीण होडीतून परत येतेय. बहिणींचं बोलणं तुटलेलं, कारण धाकट्या बहिणीने थोरलीचं सगळं घेतलं होतं, आईचं प्रेम, गावाचं कौतुक, सगळं. वादळ सुटलंय. अंधार पडलाय. दिवा लावला तर होडी वाट काढेल, नाही लावला तर खडकावर फुटेल, आणि वादळातच विझला म्हटलं की कोणी विचारणार नाही.

"हातात काडी," धाकटी म्हणाली. "समोर वात. आणि ती उभी."

समुद्र होता, बहीण होती आणि आतलंही होतं. तिन्ही एकदम नडत होती. थोरली ऐकत होती. हे आपल्यावर आहे की काय, असा संशय तिला आला आणि राग आला, आणि तरी तिला पुढचं ऐकायचं होतं, जीव जाईल इतकं ऐकायचं होतं. तिच्या हातातली सुई थांबली. मग ती थांबलीय हे कोणाला दिसू नये म्हणून तिने ती घाईने पुन्हा चालवली, न बघता, हाताला येईल त्या पट्टीवर.

तेवढ्यात सुटीची घंटा झाली. "उद्या," धाकटी म्हणाली आणि सगळ्यांनी तिला शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कटिंग मास्तर एक शर्ट उंच धरून वर आले. मास्तर तसे गरीब स्वभावाचे, पण कापड वाया गेलं की त्यांच्या अंगात यायचं. शर्टाच्या एका पट्टीवर काजं होती, आणि दुसऱ्या पट्टीवर, जिथे बटणं लावायची, तिथेही काजं होती.

"दोन्हीकडे काजं!" मास्तर म्हणाले. "गिऱ्हाईकाने काय दोरीने बांधायचा का शर्ट? कोणाचं हे?"

थोरलीने ते लांबूनच ओळखलं. शेवटी तीन गाठी असणार, बघायचीही गरज नव्हती. तिने तोंड उघडलं, आणि उघडलं तेव्हा तिला खरंच माहीत नव्हतं की आपण काय बोलणार आहोत.

"मास्तर, गोष्टी ऐकत बसल्यावर दुसरं काय होणार?" ती म्हणाली. "धाकटी रंगवून सांगते, सगळ्यांच्या सुया थांबतात. तिचीसुद्धा."

खोटं त्यात एका शब्दाचंही नव्हतं. मास्तरांनी शर्ट धाकटीपुढे टाकला. तिने काजावरून अंगठा फिरवला, शेवटापर्यंत नेला, तिथे क्षणभर ठेवला आणि शर्ट खाली ठेवला.

"बोल की," मास्तर म्हणाले.

"काय बोलू, मास्तर?" ती म्हणाली. दुपार व्हायच्या आत तिची रवानगी खाली इस्त्रीच्या खोलीत झाली, जिथे वाफेच्या आवाजात कोणाला कोणाचं ऐकू येत नाही.

टेबल परत मिळालं, नाव परत मिळालं असं थोरलीला वाटलं. तिने घसा साफ केला आणि एक झकास गोष्ट काढली, त्यात दोन दोन सावत्र भाऊ. मधेच चष्मेवाली म्हणाली, "ते राहू दे. दिवा लावला का तिने?"

"मला काय माहीत?"

"घरात एकत्र राहता ना? विचारून ये."

थोरलीने विचारलं नाही. तिने स्वतःच शेवट जोडून दिला. दिवेवाली दिवा लावते, बहीण किनाऱ्याला लागते, दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटतात आणि बहिणीची खोड मोडते. "ही तुझी गोष्ट झाली," मावशी जांभई देत म्हणाली. "तिची नाही." सुया मात्र भराभर पळत होत्या, आणि तो आवाज थोरलीला सोसवेना. ऐकत नसलेल्या बायकांच्या सुयाही तशाच पळतात हे तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

घरी धाकटी काही बोलत नसे. तिच्या बोटांवर इस्त्रीचे चटके दिसत. एका संध्याकाळी दोघी ओट्याशी उभ्या होत्या, ही कांदा चिरत, ती भांडी पुसत. थोरलीने खूप आवरलं, पण शेवटी तिच्याने राहवेना.

"अगं, लावला का दिवा तिने?"

धाकटीने पुसलेलं भांडं फळीवर ठेवलं. "टेबलावर असते तर सांगितलं असतं," ती म्हणाली. "इथे कसं सुचणार, ताई? मी सांगताना तुमच्या सुईकडे बघते. बाकीच्यांच्या काय, कशानेही थांबतात. तुमची थांबली की मला कळतं, बरोबर चाललंय."

कांद्याचं एक बरं असतं, डोळ्यांचं कारण कोणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी थोरली मास्तरांपुढे उभी राहिली. शर्टाचं सांगायचंच असं ठरवून गेली होती. जिन्यात तिने वाक्यही जुळवलं होतं, ते काज माझं होतं. पाच शब्दसुद्धा नाहीत. तोंडून निघालं ते असं, "मास्तर, काजांचा गठ्ठा साचलाय. चौघींना उरकत नाही. धाकटीला वर पाठवा." मास्तरांनाही इस्त्रीत चांगला हात फुकट घालवणं पटत नव्हतं. ते लगेच हो म्हणाले आणि थोरलीचं वाक्य तसंच घशात राहून गेलं.

धाकटी वर आली. ती खुर्चीवर टेकते न टेकते तोच बुटकीने सुई तिच्यावर रोखली. "आधी सांग. लावला की नाही?"

"लावला," धाकटी म्हणाली. "पण उशिरा."

बुटकीने रोखलेली सुई खाली घेतली.

"होडी खडकाला घासली. फुटली नाही, पण घासली. बहीण भिजलेली, हाताला खरचटलेलं, तशी वर चढून आली. दिवेवाली दारात उभी. बोलावं म्हणते पण शब्द फुटत नाही. बहिणीने होडीतून सगळं पाहिलं होतं. अंधार किती वेळ होता, ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक? पण तिने केसातलं पाणी निपटलं आणि म्हणाली, 'वात ओली असेल नाही, ताई? वात ओली असली की पेटायला वेळ लागतोच.' आणि आत जाऊन तिने चुलीवर पाणी ठेवलं."

चष्मेवालीने चष्मा काढून पुसला. मावशी वा म्हणायचंही विसरली. धाकटीने कोणाकडे पाहिलं नाही. तिने फक्त नजर तिरकी करून थोरलीच्या हाताकडे पाहिलं, तिथली सुई कापडाच्या वर तशीच थांबली होती, आणि मग ती शांतपणे आपल्या काजाला लागली.

थोरलीला रडू आलं. लाज वाटली, इतकी की खिडकीतून खाली उडी टाकावी. धाकटीचे भाजलेले हात हातात घ्यावेत असंही वाटलं. पण खरं सांगायचं तर या सगळ्याच्या आधी, सगळ्यात पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते असं, की मेली, ही ओली वात मला का नाही सुचली!