गाडी पहिल्यांदा कुठं थांबली?

तेल्हारा तालुक्यातल्या एका गावच्या ग्रामसेविका माया इंगळे यांना जन्म-मृत्यूच्या रजिस्टरचं भारी वेड. जन्माची नोंद करताना बाई अशा खुलतात, की पेढे बाळाच्या बापानं आणायचे की यांनीच वाटायचे, असा प्रश्न पडावा! कुणी नोंद करायला आलं नाही तर स्वतः घरी जाऊन थडकतात. लोक हसतात, हसू देत.

त्या सोमवारी लीलाबाई आपल्या लेकीला, अपेक्षाला, घेऊन आल्या तेव्हा दोघींचे चेहरे पार उतरलेले होते. अपेक्षाची जर्मनीतल्या दवाखान्यात नर्स म्हणून निवड झालेली. शुक्रवारपर्यंत जन्माचा दाखला गेला नाही, तर जागा दुसरीला. आणि नोंद कुठंच सापडेना! धारणी झाली, अमरावती झाली, इथलं रजिस्टर तर मायाताईंनीच दोनदा चाळलं होतं.

"काकू, पोरगी झाली कुठं नेमकी?"

"जीपमधी," लीलाबाई ओशाळून म्हणाल्या. "हिचे बाबा तवा धारणीले मास्तर होते, पण त्या दिवशी बाहेरगावी. कळा आल्या तं शेजारणीनं वळखीच्या जीपमधी घातलं. अमरावतीले नेऊन राहिले होते, तं घाटातच झाली. सांगाले लाज वाटे."

मायाताई ताडकन उठल्या. "अवो काकू! चालत्या गाडीत जन्म झाला, तं गाडी पयले थांबन तिथं नोंद होते. नियमच हाय तसा! कुठं थांबली गाडी?"

"घाट उतरल्यावर, एका गावात. अन् थो मेला डायवर, मले तशीच टाकून अर्धा घंटा गायब! बावीस वर्षं शिव्या देऊन राहिली मी त्याले."

गावाचं नाव कळताच मायाताईंनी तिथल्या ग्रामसेवकांना, गोपालरावांना, स्पीकरवर फोन लावला. ते जुनं रजिस्टर काढून चाळू लागले. इकडे मायाताईंना धीर कुठला! एका जागी बसवेना, "सापडलं का?" तीनदा विचारून झालं. अपेक्षानं आईचा हात घट्ट धरला होता.

"सापडलं, मॅडम!" गोपालराव ओरडलेच. "जन्माचं ठिकाण, जीप. मुलगी. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. आई लीला, वडील श्याम. खबर देणारे नत्थुजी, जीपचालक. सही हाय त्याईची."

मायाताईंनी टाळी वाजवली, अपेक्षाला गच्च मिठी मारली. बाहेर बसलेली माणसं काय झालं म्हणून आत डोकावली. लीलाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"म्हंजे तो अर्धा घंटा थो नोंद कराले गेलता?"

"नत्थुजी इथलेच, ऑफिससमोरच राहतात," गोपालराव म्हणाले. "बोलावू का फोनवर?"

लीलाबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"नोका बोलावू. आमीच येतो त्याईच्या घरी."