कुंकू आणि पाचवी चिप

मामांनी मस्कतहून आणलेला कॉम्प्युटर म्हणजे नुसता एक जाडसर कीबोर्ड. तोच टीव्हीला जोडायचा. पनवेलच्या आमच्या आळीत तसा एकच, त्यामुळे नोकरीला लागलेली मी घोडी भलतीच मिजाशीत असायची. दसऱ्याला आईनं शिलाई मशीन, विळी, पाना यांच्या रांगेत त्यालाही बसवलं आणि हळदकुंकू वाहिलं. चिमूटभर कुंकू बटणांच्या फटींतून आत गेलं. दुपारी चालू केला, तर पडद्यावर नुसते रंगीत चौकोन.

राग तर माझ्या नाकावरच. "तुला कोणी सांगितले होते नसते उद्योग?" शेजारी ऐकतील एवढ्यानं मी ओरडले.  त्यानंतर आई त्या खोलीत केर काढायलाही येईना.

आठवड्यानं रोडपालीचे टीव्ही दुरुस्त करणारे काका आले. त्यांनी झाकण उघडलं. कुंकू एका कोपऱ्यात कोरडंच पडलेलं. त्यांनी ते फुंकरीनं उडवलं. आत मेमरीच्या आठ चिपा ओळीनं होत्या. काकांनी डबीतून एक चांगली चिप काढली. ती एकेकीच्या पाठीवर, पायावर पाय येईल अशी दाबून धरायची, कॉम्प्युटर चालू करायचा, टीव्हीकडे बघायचं. पुढच्या चिपेकडे जाताना न विसरता बंद करायचा. पाचवीवर धरली आणि चौकोन गेले.

"बाय, चालू असताना मागचा डबा उपसलेला काय? त्यानी चिप जळते." त्यांनी हळूच विचारलं.

उपसला होता. पूजेच्या आधी, सकाळीच, खेळाचा दांडा, म्हणजे जॉयस्टिक, जोडायचा मागचा डबा मी घाईत ओढून काढला होता. कुंकू सांडलेलं दिसल्यावर ते सोयीस्कर विसरले.

मी मान हलवली. काकांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्यानं सांगितलं, "आये, तुमच्या कुंकवानी काय नाय झाला! चिप गेलेली."

माझ्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. ते माझ्यावर सोडलं. त्या माणसाचे उपकार मी आजही मानते.

ते नवी चिप डाख देऊन बसवत होते, तेव्हा मी आत जाऊन आईला खरं काय ते सांगितलं. "बरं," म्हणाली आणि भाजी चिरत राहिली. मला वाटलं, मिटलं.

पुढच्या दसऱ्याला हळदकुंकवाचं ताट घेऊन ती खोलीच्या दाराशी थांबली. "याला लावू का गं?"

आईनं आजवर मला असं कधी विचारलं नव्हतं.  मी तिचा हात धरून तिला आत आणलं.